बाईंच्या घरातली लायब्ररी

सोमवारी सकाळी सव्वानऊला मशीनवालीचा फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा खणात ठेवत होतो. “साहेब, साचा निघत नाहीये,” ती म्हणाली. साचा निघत नाहीये म्हणजे काय? वीज गेली, मशीन अडकलं, प्रोग्राम उघडतच नाही, की उघडून मान टाकतो? बिघाड नीट सांगायला अक्कल लागते आणि ती आमच्या केंद्रात माझ्याशिवाय कोणाजवळ नाही, हे मला सतरा वर्षांत पुरतं कळून चुकलं आहे. कोणी सांगतं कॉम्प्युटर रुसलाय, कोणी सांगतं परवापर्यंत तर छान चालत होता, जणू परवापर्यंत चालत असलेल्या वस्तूला बिघडायचा हक्कच नाही. “स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा,” मी म्हणालो. ती वाचायला लागली आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळली. “राहू द्या, येतो,” मी म्हटलं. मनातल्या मनात तिच्या आणि तिला नोकरीवर घेणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत जिना उतरलो. हे सगळं मी चेहऱ्यावर दिसू देत नाही अशी माझी समजूत आहे. बायको म्हणते, दिसतं. ती म्हणते, तुमचं नाक कायम असं असतं की शेजारी काहीतरी नासलंय.

आमचं केंद्र म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला असलेली चार खोल्यांची रांग. इथे कृत्रिम पाय बनतात. पहिल्या खोलीत माप घेतात, दुसरीत प्लास्टरचं काम, ते आमचे प्लास्टरमामा करतात, तिसरीत कोरायचं मशीन, आणि शेवटच्या लांबोड्या खोलीत दोन समांतर लोखंडी दांडे आणि समोर भिंतभर आरसा, तिथे नवा पाय लावून चालून बघतात. गुडघ्याखाली उरलेल्या पायाचं माप प्रोग्राममध्ये घातलं की तो स्क्रीनवर त्याचा आकार काढतो, त्या आकाराचा फोमचा ठोकळा मशीन कोरतं, आणि त्या ठोकळ्यावरून सॉकेट बनतं, म्हणजे ती वाटी ज्यात माणसाचा उरलेला पाय जाऊन बसतो. माणूस आपलं सगळं वजन त्या वाटीवर टाकतो. हे मला प्रमुखांनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पुढच्या सतरा वर्षांत चौथ्या खोलीत मी दोनदा गेलो असेन, दोन्ही वेळा पंख्याच्या वायरीसाठी. सगळं काम एकाच लिनक्स सर्व्हरवर चालतं, तो वर माझ्या खोलीत आहे. खाली नुसत्या स्क्रीन आणि कीबोर्ड. खालच्यांच्या हाती याहून जास्त काही देऊ नये असं माझं तेव्हाही मत होतं.

मशीनवालीच्या स्क्रीनवरचा मजकूर काही अवघड नव्हता. शेअर्ड लायब्ररी लोड करताना चूक, लिबवळण, आवृत्ती तीन, उघडता येत नाही, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. कोणताही प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही, काही कामं दुसऱ्या फाइलींवर, म्हणजे लायब्रऱ्यांवर, सोपवलेली असतात आणि सुरू होताना तो त्या फाइली नावानिशी मागतो. त्यातली एक जरी सापडली नाही तरी तो जागचा हलत नाही. इतकं साधं आहे. मी शेजारच्या टेबलांकडे पाहिलं. दोन ठिकाणी तोच प्रोग्राम मजेत चालू होता, माप घ्यायच्या खोलीतही एका ठिकाणी चालू होता. शुक्रवारपासून कोणी तो बंदच केला नव्हता. निघताना बाहेर पडा म्हणून भिंतीवर कागद लावून माझे हात दुखले, पण वाचतो कोण? मी तिघांनाही उठवलं. “बाहेर पडा आणि परत आत या,” मी म्हणालो. बिघाड कोणताही असो, पहिला उपाय हाच, हे मी त्यांना इतक्या वर्षांत इतक्या तुच्छतेने सांगत आलोय की आता मलाही त्याचा विचार करावा लागत नाही. तिघं बाहेर पडली, परत आत आली, आणि तिघांच्याही स्क्रीनवर तेच वाक्य उमटलं. आता चारही बंद. “मघाशी चालत होतं,” मापवाला हळूच म्हणाला. “मघाशी नशिबाने चालत होतं,” मी म्हणालो आणि वर आलो.

वर येऊन मी प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी काढली. एक्केचाळीस ओळी. चाळीस नावांपुढे पत्ता, एका नावापुढे ‘सापडली नाही’. मग ते नाव घेऊन सगळी डिस्क पालथी घातली. कुठे काही नाही. मग प्रोग्रामची फाइलच उघडून पाहिली, कारण काही वेळा बांधणाऱ्याने लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता प्रोग्रामच्या पोटात कायमचा कोरून ठेवलेला असतो. असं करणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. पत्ता निघाला. सिस्टिमच्या कुठल्याही फोल्डरचा नव्हता. बाईंच्या खात्याचा होता, त्यांच्या होम फोल्डरच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या त्यांच्या घराच्या, आतल्या फोल्डरचा. बाई शुक्रवारी निवृत्त झाल्या होत्या. शुक्रवारी पाच वाजून दहा मिनिटांनी खालून टाळ्यांचा आवाज आला, तेव्हा मी इथेच बसलो होतो, आणि सव्वापाचला मी त्यांचं खातं काढून टाकलं. नुसतं खातं नाही. त्या हुकुमापुढे एक अक्षर जोडलं की खातेदाराचं घरही आतल्या सामानासकट जातं, ते अक्षर मी जोडलं होतं. कोणी सांगितलं होतं म्हणून नाही. नियमात फक्त खातं बंद करा असं आहे, एका महिन्याच्या आत. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

बाई म्हणजे आमच्या नोंदणीच्या टेबलावरच्या बाई. आधी कुठल्याशा शाळेत गणित शिकवायच्या, शाळा बंद पडली म्हणून चाळिशी उलटल्यावर इथे पेशंटची नावं टाइप करायला लागल्या. हातात कापडी पिशवी, चष्म्याला दोरी, आणि बोलताना समोरचा फळ्यावर काहीतरी चुकवतोय अशी नजर. पायाचा प्रोग्राम बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा तो सुधारायचं काम कोणीतरी करायला हवं होतं. मी स्पष्ट सांगितलं की प्रोग्राम लिहिणं माझ्या कामात बसत नाही. बाईंनी पुस्तकं आणली. दुपारच्या सुट्टीत त्या पुस्तकं वाचायच्या, वहीत पेन्सिलीने काहीतरी गिरवायच्या, आणि वर्षभराने म्हणाल्या की आकार काढणारी लायब्ररी मी नव्याने लिहिली आहे. मी ती उघडून पाहिली होती. आत चलांची नावं होती ‘पोटरी’, ‘नडगी’, ‘घोटा’, ‘मामांची_सूट’. हसून हसून माझी पुरेवाट झाली. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या माझ्या मित्रालाही मी ती पाठवली होती, त्यानेही हसण्याची चिन्हं पाठवली. मग त्या विचारायला आल्या, ही सिस्टिमच्या फोल्डरमध्ये ठेवायची परवानगी द्याल का, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल. माझ्या दारात उभ्या होत्या, मागे फायली घेऊन दोघं-तिघं होते. मी खुर्ची न वळवता म्हणालो, “बाई, आपलं सामान आपल्या घरात ठेवावं.” मागचे हसले. बाईंनी तेच केलं, अक्षरशः. लायब्ररी आपल्या घरात ठेवली, प्रोग्रामच्या पोटात आपल्या घराचा पत्ता कोरला, आणि अकरा वर्षं या केंद्रातला प्रत्येक पाय त्यांच्या घरातून जाऊन आला. मला पत्ताही नव्हता. म्हणजे असायला हवा होता. त्यांनी मेल पाठवली होती, मला वाटतं एकाहून जास्त वेळा. पण त्यांच्या मेलची सुरुवात ‘सादर नमस्कार’ अशी व्हायची आणि पुढे चार परिच्छेद, म्हणून मी एक नियम करून ठेवला होता की त्यांची मेल आली की परस्पर एका वेगळ्या फोल्डरात जावी. तो फोल्डर मी आता उघडला. न वाचलेल्या दोनशे बारा. शेवटची गुरुवारची, विषय ‘खाते बंद करण्यापूर्वी कृपया वाचावे’. मी ती उघडली नाही. आत काय असेल ते कळत होतं, आणि ते बाईंच्या आवाजात वाचायची माझी तयारी नव्हती.

बॅकअपचा विचार मी सगळ्यात शेवटी केला, कारण उत्तर माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बाईंचं घर फार फुगलं होतं. मी त्यांना लिहिलं की घरगुती फोटो ठेवायची ही जागा नाही, आणि त्यांचं घर बॅकअपमधून वगळून टाकलं. ते फोटो पेशंटच्या पायांचे होते हे त्यांनी उत्तरात लिहिलं होतं म्हणे. उत्तर त्याच फोल्डरात असेल. म्हणजे लायब्ररी गेली, ती ज्यातून बनली तो मजकूर गेला, अकरा वर्षांची मापं उघडायचं साधन गेलं. हे परत मिळवायचा एक सरळ मार्ग होता, बाईंना फोन करायचा. नंबर समोरच्या यादीत होता. करायला काय, बोटाचं काम. पण फोन केला की ‘बाई, मी चुकलो’ हे किंवा याच अर्थाचं काहीतरी म्हणावं लागणार, आणि ते वाक्य मी आजवर कोणासमोरही उच्चारलेलं नाही, बायकोसमोर नाही, आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्यासमोरही नाही. दुपारपर्यंत मी हे स्वतः सोडवीन, बाईंना कळूही देणार नाही, असं मी ठरवलं. एवढंच आता हातात होतं आणि तेवढ्यासाठी मी काहीही करायला तयार होतो.

आणि केलंही. कपाटात बुडालेल्या कंपनीची जुनी डिस्क होती, तिच्यावर लिबवळणची आवृत्ती दोन होती. मी ती सर्व्हरवर घेतली आणि तिला आवृत्ती तीनच्या नावाची एक जोडणी करून दिली. प्रोग्राम नाव विचारतो, कुंडली विचारत नाही. तीन नंबर मागितला की दोन नंबर पुढे होतो आणि प्रोग्राम खुशाल त्याला आत घेतो. हा प्रकार करणाऱ्यांना मी आजवर अडाणी म्हणत आलो आहे, चारचौघांत, नाव घेऊन. खाली जाऊन मशीनवालीला म्हटलं, “चालवा.” प्रोग्राम उघडला. त्या दिवशी एक वायरमन आला होता, खांबावरून पडून पाय गेलेला, आठ महिन्यांनी पहिला पाय लागणार म्हणून सकाळी आठपासून बाहेरच्या बाकावर बसलेला. त्याचं माप घातलं, स्क्रीनवर आकार आला, गोल गोल फिरायला लागला. मी पाठ थोपटून घेतल्यासारखा उभा होतो. मशीनवाली आकाराकडे बघत राहिली, मग म्हणाली, “साहेब, हे टोचेल.”

“कुठे टोचेल?”

तिने स्वतःच्याच गुडघ्याखाली बोट ठेवलं. “इथं हाड वर असतं. इथं आपोआप थोडी जागा सुटायची. बाईंनी मामांना विचारून घातली होती ती. आज सुटली नाहीये.”

“स्क्रीनवर कुठे लाल आलंय? चूक दाखवलीय कुठे?”

“लाल नाही आलं. पण टोचेल.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, आवाज बारीक होता, पण हात तिने मशीनच्या बटणावरून काढून मांडीवर ठेवला. “पण मी हे कोरणार नाही.”

इतक्या वर्षांत मला कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. दुसरा शब्द वाचताना अडखळणारी ही मशीनवाली मला नाही म्हणत होती आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं बरोबर होतं, ते मला तिथल्या तिथे कळलं. मी वर आलो आणि ती जोडणी काढून टाकली. नाव तीन आणि पोटात दोन घेऊन तो प्रोग्राम दिवसचे दिवस हसतमुखाने चुकीचे पाय काढत राहिला असता, माणसं वजन टाकत राहिली असती, हाडावरची कातडी सोलून निघाली असती, आणि मी म्हणालो असतो, तुम्हाला चालता येत नाही.

प्रमुखांचा फोन आला. त्यांचंही निदान ठरलेलं, “सर्व्हर एकदा बंद-चालू करून बघा ना.” हे मीच त्यांना शिकवलेलं. वाद घालायची ताकद नव्हती म्हणून मी सगळ्यांच्या स्क्रीनवर नोटीस टाकली, दहा मिनिटांत बाहेर पडा, सर्व्हर बंद होत आहे, आणि घड्याळ लावून दिलं. मग कोण कोण आत आहे ते पाहिलं. सगळे निघाले होते, एक सोडून. प्लास्टरमामा. त्यांच्या नावाखाली पायाचा प्रोग्राम सहा दिवसांपासून उघडा. माझ्या डोक्यात सणक गेली. सगळा सकाळचा राग काढायला मला जागा मिळाली, खरं तर मिळाल्याचा आनंदच झाला, आणि मी तडक प्लास्टरच्या खोलीकडे निघालो.

बोळ लांब आहे. चालताना मला अण्णा आठवले, माझे वडील. का आठवावेत कोण जाणे, बहुधा अशा रागाच्या चालीत माझे पाय त्यांच्यासारखे पडतात म्हणून. अण्णा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरी आलेली पत्रंही ते लाल पेन्सिल घेऊन वाचत. मावशीचं पत्र, दादाच्या सासऱ्यांचं पत्र, अक्काने वसतिगृहातून लिहिलेलं पहिलं पत्र, ज्यात तिने इथे करमत नाही असं लिहिलं होतं. अण्णांनी त्यातल्या चौदा चुका काढल्या आणि पत्र तसंच तिला परत पाठवलं. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचो. त्यांनी खूण केली की मी हसायचो, मोठ्याने, आणि मग त्यांचा हात माझ्या पाठीवर यायचा. तो हात फक्त तेव्हाच यायचा. दादा बिचारा नापास होत होत शिकला, त्याच्या वाट्याला तो हात कधी आला नाही. मला वाटायचं मी किती भाग्यवान. अण्णा गेले तेव्हा दादा आणि अक्का सगळं करून मोकळे झाले, नीट, कोरड्या डोळ्यांनी, आणि मी एकटाच रडलो. तेव्हाही मी त्या दोघांना मनात नावं ठेवत होतो.

मामा स्टुलावर बसले होते. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, समोर स्क्रीन, स्क्रीनवर माझी नोटीस, आणि नोटिशीच्या मागे पायाचा प्रोग्राम, जिवंत. आत एक आकार सावकाश फिरत होता. गुडघ्याखाली, हाड जिथे वर येतं तिथे, थोडी जागा सुटलेली दिसत होती. आता मला दिसत होती.

चालू असलेला प्रोग्राम आपली लायब्ररी सोडत नाही. डिस्कवरून फाइलचं नाव पुसलं तरी जोवर कोणी ती उघडून बसलेलं आहे तोवर ती खरोखर पुसली जात नाही, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिला धरून ठेवतं. हे मला वीस वर्षं माहीत आहे. मुलाखतीत मी हा प्रश्न मुद्दाम विचारतो, उत्तर आलं नाही की उमेदवाराकडे बघून भुवई उडवतो. आणि आज सकाळी साडेनऊच्या आत तीन ठिकाणी जिवंत असलेली ती लायब्ररी मीच तिघांना उठवून मारली होती, चौथी मारायला घड्याळ लावून आलो होतो, आणि वर या म्हाताऱ्याला झापणार होतो.

“मामा, नोटीस वाचली नाहीत?” मी विचारलं.

“वाचली की.”

“मग?”

“तुम्ही याल म्हटलं.” ते स्टुलावरून उठले. “बसा.”

सव्वातीन मिनिटं उरली होती. मी त्यांच्या कीबोर्डवरून, प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या कळांवरून, आधी घड्याळ रद्द केलं. मग मामांच्या चालू प्रोग्रामच्या नोंदी उघडल्या. तिथे एक्केचाळीस लायब्रऱ्यांच्या ओळी होत्या आणि एका ओळीशेवटी लिहिलं होतं, काढून टाकलेली. तिथून मी ती उचलली. दोनशे अठरा किलोबाइट, बस. एका फोटोपेक्षाही लहान. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये ठेवली, बाईंनी अकरा वर्षांपूर्वी मागितलेल्या जागी, प्रोग्रामला नवा पत्ता कळवला, आणि बोळातून ओरडून मशीनवालीला सांगितलं की उघडून बघा. थोड्या वेळाने ती दारात आली आणि तिने नुसती मान हलवली. सुटलीय जागा, असा तिचा अर्थ होता. मागून मशीनचा कोरायचा आवाज सुरू झाला. मला फार हलकं वाटलं, आणि लगेच, इतक्या लगेच की मला स्वतःची किळस यावी, मनात आलं की जमलं, बाईंना काही कळणार नाही.

“आता करू का बंद?” मामांनी विचारलं. “सहा दिवस झाले. बाई म्हणाल्या होत्या, साहेब स्वतः येईपर्यंत बंद करू नका.”

“कोण म्हणालं?”

“बाई. गेल्या मंगळवारी उघडून दिला त्यांनी, आणि शुक्रवारी जाताना परत आठवण केली. नोटीस आली, कोणी ओरडलं तरी करू नका म्हणाल्या. साहेब येतील, आणि आले की त्यांना बघूनच कळेल.”

“मग सकाळीच मला का नाही सांगितलंत?”

मामा ओल्या फडक्याने हात पुसत होते. त्यांनी एकेक बोट पुसलं. “मी सांगितलं असतं तर तुम्ही आधी बंद करायला लावलं असतं, मग ऐकलं असतं,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पावसात छत्री घ्यावी असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी वर आलो आणि बाईंना फोन केला. का केला ते मला नीट सांगता येत नाही. काम झालं होतं, गरज नव्हती. दोन वेळा वाजल्यावर त्यांनी उचलला, मागे नळाचा आवाज येत होता, तो बंद झाला. मी नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं, “मिळाली का?”

“मिळाली. मामांच्या इथे.”

“बरं झालं बाई. मला वाटलं होतं तुम्ही एक-दोन दिवस तरी थांबाल. पण म्हटलं, असावी सोय.”

“तुम्ही कॉपी करून ठेवायची होती,” मी म्हणालो. काय बोलायला फोन केला होता आणि काय बोलत होतो. “पेनड्राइव्हवर. नाहीतर मामांच्या फोल्डरात.”

“पेनड्राइव्ह तुम्हीच बंद केलेत ना सगळ्यांचे. आणि दुसऱ्याच्या फोल्डरात फाइल ठेवली म्हणून मागे मशीनवालीला तुम्ही मेमो दिला होता, तिची वेतनवाढ अडकली होती. मामांचं एक वर्ष राहिलंय, त्यांना कशाला त्रास. उघडा प्रोग्राम फाइल सोडत नाही, एवढं मला माहीत होतं. आणि तुम्हाला कळेल हेही माहीत होतं. कामात तुम्ही हुशार आहात.”

“बाई, पण तुम्ही मला सरळ येऊन सांगायचं होतं. मी इतका काही...”

त्या बोलल्या, वर्गात मागच्या बाकावरच्याला समजवावं तशा, सावकाश. “खरं सांगू का? तुमच्याकडे यायचं म्हणजे मला आदल्या रात्रीपासून भीती वाटायची. हसू नका. घरातून निघताना काय बोलायचं ते पाठ करून यायचे मी, शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. अकरा वर्षं काढली. शेवटच्या दिवशी नको वाटलं. म्हटलं, आजचा एक दिवस तरी सुखाने जाऊ दे. राग नाहीये हो माझा तुमच्यावर, खरंच नाही. आता तर काही संबंधच नाही.”

मी हसत नव्हतो. मी म्हणणार होतो ते वाक्य, दुपारपर्यंत टाळायचं ठरवलेलं, ते आता अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांना ते नको होतं. मी चुकलो म्हणणं हे माझ्याकडून त्यांना द्यायचं काही देणगीसारखं आहे असं मी सकाळपासून धरून चाललो होतो. त्यांनी तिकडे हातही पुढे केला नव्हता.

“वायरमनचा पाय लागला का?” त्यांनी विचारलं. “आज होता ना त्याचा. फार घाबरलेला असतो तो.”

“मला माहीत नाही.”

“बघून या ना जरा. मला मामा सांगतील, तुम्ही फोन करायची गरज नाही.” आणि त्यांनी फोन ठेवला.

जेवणाची वेळ झाली होती, डबा खणात होता, भूक नव्हती. कोरणं, ठोकळ्यावरून सॉकेट ओढणं, जोडणं यात दुपार गेली. मी दोनशे बारा मेल वाचत बसलो. त्यांतल्या निम्म्या अशा होत्या की ज्यांत काही मागितलेलंच नव्हतं, नुसतं कळवलेलं होतं, आज अमुक बदल केला, मामांच्या सांगण्यावरून चार मिलिमीटर सूट, आपल्या माहितीस्तव. प्रत्येकीखाली माझ्या वेळेबद्दल दिलगिरी. साडेचारला मी खाली उतरलो. चौथ्या खोलीतून आवाज येत होते. मामा काहीतरी सांगत होते, मशीनवाली हसत होती, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. ती अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. प्रमुखसुद्धा हसत होत्या. वायरमन म्हणत होता, “खांबावर नाही चढायला सांगत ना, मग ठीक आहे,” आणि लोखंडी दांड्यांमधून त्याच्या पावलांचा आवाज येत होता, एक मऊ, एक टणक, एक मऊ, एक टणक.

मी दारात उभा राहिलो. आरशात त्यांना मी दिसलो. मशीनवालीचं हसणं अर्ध्यात थांबलं, मामांनी फडकं उचललं, प्रमुख घड्याळाकडे बघायला लागल्या. वायरमन मला ओळखत नव्हता, त्याचं माझ्याशी काही वाकडं नव्हतं, पण इतरांचे चेहरे पाहून तोही जागच्या जागी थांबला, दोन्ही हातांनी दांडे गच्च धरून, वजन सगळं चांगल्या पायावर घेऊन. सतरा वर्षं मी खोलीत शिरलो की असं होत असणार. मी त्याला आदर समजत आलो होतो.

“साहेब, काही काम होतं का?” मामांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. आणि आत न जाता मागे वळलो, दार ओढून घेतलं, बोळाच्या वळणापर्यंत गेलो आणि तिथे भिंतीला टेकून थांबलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आत कोणीतरी काहीतरी म्हणालं, आणि तो पुन्हा चालायला लागला.